अ‍ॅशबर्नचे रसिक

एक्कावन्न हा आकडा आपल्याकडे अहेराच्या पाकिटातला. नातं फार जवळचं नाही, पण तोडूनही टाकता येत नाही, अशा ठिकाणी पन्नासाची नोट आणि वर रुपयाचं नाणं घालायची रीत होती. त्यामुळे इंटरनेटवरची ५१ टक्के वर्दळ आता माणसांची नसून बॉटांची आहे, ही बातमी वाचली तेव्हा मनात पहिलं आलं ते हेच, की आकडा शकुनाचा आहे. मग लक्षात आलं की लोकशाहीत याला बहुमत म्हणतात.

हा हिशेब इंपर्व्हा या कंपनीचा. २०२४ सालची वर्दळ मोजून तिने २०२५ मध्ये अहवाल काढला. त्या ५१ टक्क्यांतले ३७ टक्के बॉट वाईट चालीचे आणि उरलेले १४ सज्जन. सज्जन म्हणजे गूगलसारख्या शोधयंत्रांसाठी पानं चाळत फिरणारे वगैरे. वाईट म्हणजे पासवर्ड चाचपून बघणारे, तिकिटं पळवणारे, दुसऱ्याच्या दुकानातले भाव टिपून नेणारे. आता ही कंपनी बॉट अडवण्याचीच व्यवस्था विकते, तेव्हा ‘बॉट कमी झाले, आता निवांत झोपा’ असा अहवाल तिच्याकडून कधी येणार नाही, हे धरून चालावं. शिवाय तिच्याच घरातल्या इन्कॅप्सुलाने २०१३ मध्ये ६१.५ टक्के असा आकडा दिला होता. म्हणजे मधल्या काळात माणसांनी फोन घेऊन, रिचार्ज मारून, रात्र रात्र रील बघून बहुमत परत मिळवलं होतं. आपल्या देशाने तर २०१६ नंतर स्वस्त डेटावर त्यासाठी जिवाचं रान केलं. एवढं करून ते पुन्हा गेलं.

बॉट म्हणजे लोखंडी हातापायांचा प्राणी नव्हे. माणसाने जे क्लिक करायचं, वाचायचं, भरायचं, ते न कंटाळता करत राहणारा हा प्रोग्रॅम. वेबवर हिंडणारा असा पहिला प्रोग्रॅम १९९३ मध्ये एमआयटीतल्या मॅथ्यू ग्रे याने सोडला, तोही हे जाळं केवढं वाढलंय ते मोजायला. म्हणजे पहिला पाहुणा शिरगणतीला आला होता. पुढच्याच वर्षी मार्टाइन कोस्टर याने तोडगा काढला की प्रत्येक संकेतस्थळाने दाराशी ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ नावाची एक फाईल ठेवावी आणि बॉटांनी कुठवर यावं, कुठे येऊ नये, ते तीत लिहावं. सक्ती कसलीही नाही. निव्वळ भिडेवर चाललेला कारभार, आणि तो २८ वर्षं बऱ्यापैकी चाललासुद्धा! सप्टेंबर २०२२ मध्ये या रिवाजाला रीतसर मानकाचा दर्जा मिळाला, आणि नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं. मग ज्याला त्याला आपापलं यंत्र शिकवून शहाणं करायचं होतं, त्यासाठी जगातला असेल नसेल तो मजकूर हवा होता. भीड चेपायला वेळ लागला नाही.

या सगळ्याशी माझा संबंध आला तो आमच्या वाचनालयामुळे. मी त्याच्या कार्यकारिणीवर आहे, म्हणजे ज्या सभेत निवड झाली त्या सभेला मी गैरहजर होतो. वाचनालय जुनं, इमारत त्याहून जुनी आणि वाचक सर्वांत जुने. अमृतमहोत्सवाच्या वेळी कुणाच्या तरी भाच्याने फुकटात संकेतस्थळ करून दिलं आणि त्यावर भेटींचा आकडा दाखवणारी एक पट्टी लावली. कित्येक वर्षं ती आम्हीच उघडून बघू तेवढीच हलायची. मग एकाएकी ती रिक्षाच्या मीटरसारखी पळायला लागली.

मासिक सभेत चिटणीस नानांनी आधी सगळ्यांकडे नीट बघून घेतलं. “गेल्या महिन्यात संकेतस्थळाला भेटी किती झाल्या असतील? करा अंदाज.”

कुणीच केला नाही, कारण चहा यायचा होता.

“चाळीस हजार,” नाना म्हणाले.

अध्यक्ष अण्णांनी चष्मा काढून पुसला. आमच्याकडे रोज येऊन जाऊन पंधरा-वीस माणसं येतात. त्यातली निम्मी पेपरातलं शब्दकोडं सोडवायला आणि उरलेली, ते आधीच कुणी सोडवलं म्हणून भांडायला.

“येतात कुठून एवढी माणसं?”

नानांनी दुसरा कागद काढला. “अ‍ॅशबर्न. व्हर्जिनिया. अमेरिका.”

सभेत शांतता पसरली. आमच्याकडे अशी शांतता एरवी वर्गणीवाढीचा विषय निघाला की पसरते.

“तिकडलं महाराष्ट्र मंडळ जोरात असणार,” अण्णा म्हणाले. “साठ्यांचा नातू तिकडेच कुठेतरी आहे ना?”

“तो न्यू जर्सीला, अण्णा.”

“मग त्यानेच सांगितलं असेल.”

ग्रंथपाल बाई इतका वेळ पावत्या जुळवत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, “पण वाचतात काय हो ते?”

नानांकडे तीही यादी होती. सर्वांत जास्त वाचलं गेलेलं पान आजीव सभासदांच्या १९८७ सालच्या यादीचं. त्याखालोखाल घटनादुरुस्तीचा मसुदा. तिसऱ्या क्रमांकावर जिन्याच्या कठड्याची निविदा. आणि वाचनाची वेळ बहुतांशी पहाटे तीन.

“अभ्यासू मंडळी दिसतात,” अण्णा म्हणाले. घटनादुरुस्तीचा तो मसुदा आम्ही कुणीही न वाचता एकमताने मंजूर केला होता, त्यामुळे सगळेच जरा खजील झाले. अ‍ॅशबर्नच्या रसिकांना व्याख्यानमालेचं निमंत्रण धाडावं आणि सोबत देणगीचं आवाहनही जोडावं, असं ठरलं. डॉलर हा शब्द निघाल्यावर खजिनदार त्या संध्याकाळी पहिल्यांदा ताठ बसले.

निमंत्रणाचा मजकूर टाइप करायला बाईंच्या मुलीला बोलावलं. ती संगणक अभियंता. तिने कागद बघितला आणि तिला हसू आवरेना. अ‍ॅशबर्न हे लाउडन काउंटीतलं गाव, तिने सांगितलं, आणि त्या पट्ट्याला डेटा सेंटर अ‍ॅली म्हणतात. सर्व्हरांनी भरलेल्या गोदामवजा इमारतींची एवढी दाटी जगात दुसरीकडे नाही. अ‍ॅमेझॉनसारख्या कंपन्या तिथले संगणक भाड्याने देतात. जगात कुठेही बसून कुणीही ते भाड्याने घेतो, त्यावरून बॉट सोडतो, आणि आपल्याकडे पत्ता उमटतो अ‍ॅशबर्नचा.

“काका, ही माणसं नाहीत.”

“एकही नाही?” अण्णांचा आवाज अगदी खाली आला होता.

“एखादा असेलही.”

अण्णांनी त्या एखाद्याला घट्ट धरलं. वार्षिक अहवालात वाक्य छापून आलं: ‘संकेतस्थळास देशविदेशातून उदंड प्रतिसाद लाभत आहे.’ मी ते तपासून बघितलं. प्रतिसाद उदंड होता, विदेशातून होता, आणि लाभत होता. खोटं काहीच नव्हतं.

बाईंना मात्र वेगळीच शंका. कुणी नुसतं वाचून गेलं तर बिघडतं कुठे? याचं उत्तर विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने एप्रिल २०२५ मध्ये दिलं होतं. त्यांच्याकडे पानं बघणाऱ्यांत बॉट ३५ टक्क्यांच्या आसपास, पण सर्वांत महागड्या वर्दळीत त्यांचा वाटा ६५ टक्के. माणसं साधारण तीच ती गाजणारी पानं उघडतात, आणि ती पानं जगभरच्या जवळच्या सर्व्हरांवर तयार ठेवलेली असतात. बॉटाला आवडनिवड नाही. त्याला कुणी कधी न उघडलेलंही सगळं हवं, आणि ते दरवेळी थेट मुख्य केंद्रातून काढून द्यावं लागतं. हे मी सांगायला लागलो तर बाईंनी मला अर्ध्यावरच थांबवलं. “म्हणजे गाजलेल्या कादंबऱ्या काउंटरवरच असतात, त्या मागणाऱ्यांचा मला त्रास नाही. पण रोज एक जण येऊन माळ्यावरचे १९५२ चे बांधीव अंक मागायला लागला, तर शिडी मलाच चढावी लागणार.” विकिमीडियाच्या अभियंत्यांनी एवढा मोठा लेख उगाच लिहिला.

शिडीचं बिलही आलंच. संकेतस्थळ ज्यांच्या सर्व्हरवर आहे त्यांनी कळवलं की तुमची वर्दळ स्वस्त योजनेत मावत नाही, तरी वरची योजना घ्यावी. डॉलर येण्याऐवजी रुपये निघाले. खजिनदारांनी अ‍ॅशबर्नविषयी काढलेले उद्गार इतिवृत्तात घेतलेले नाहीत.

मग बाईंच्या मुलीने दाराशी परीक्षा बसवली. आत यायचं तर आधी माणूस असल्याचं सिद्ध करा. दुसऱ्याच दिवशी नानांचा फोन. “मला आत घेत नाहीये. झेब्रा क्रॉसिंगचे चौकोन निवडा म्हणतंय.”

“मग निवडा ना, नाना.”

“अहो, पण त्यावर गाडी उभी नाहीये एकही. झेब्रा क्रॉसिंग आहे हे ओळखायचं कसं?”

नानांचं काय चुकलं? ही कोडी आपल्या रस्त्यांवर वाढलेल्या माणसासाठी नाहीतच. फायर हायड्रंट निवडा म्हणतात. आग विझवायचा तो ठेंगू लाल नळ मी इंग्रजी सिनेमात कारच्या धडकेने फुटताना सोडून कुठे पाहिलेला नाही. सिग्नल निवडा म्हणतात, पण सिग्नलचा खांब हा सिग्नल धरायचा की नाही, यावर घरात नवरा-बायकोचं एकमत होत नाही. मोटारसायकलच्या हँडलचं टोक शेजारच्या चौकोनात सुतभर गेलेलं असतं. ते धरलं तरी चूक, सोडलं तरी चूक. आणि चूक झाली की रागावणं नाही, काही नाही, नुसती नवी नऊ चित्रं येतात. सरकारी खिडकीवरचा माणूस निदान तोंडाने ‘उद्या या’ म्हणतो.

या परीक्षेचं नाव कॅप्चा. २००० च्या सुमारास कार्नेगी मेलन विद्यापीठात मॅन्युएल ब्लुम, त्यांचा विद्यार्थी लुइस फॉन आन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घडवली. वाकडीतिकडी अक्षरं माणसाला वाचता येतात आणि यंत्राला येत नाहीत, एवढ्याच आधारावर. पुढे फॉन आनच्या लक्षात आलं की लोक यात आयुष्यातले कितीतरी तास घालवतायत, तर त्यांच्याकडून काही काम का करून घेऊ नये? २००७ मध्ये रीकॅप्चा आलं. दोन शब्द दाखवायचे, एक परीक्षेचा आणि एक जुन्या छपाईतला, यंत्राला न लागलेला. अशा रीतीने आपण सगळ्यांनी मिळून ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे जुने अंक अक्षर अक्षर लावून दिले. २००९ मध्ये गूगलने ते विकत घेतलं, मग पुस्तकं झाली, मग घरांवरचे नंबर झाले. जगातलं एवढं मोठं मुद्रितशोधनाचं काम झालं आणि कुणालाही मानधन मिळालं नाही. दिवाळी अंकांत लिहिणाऱ्याला यात नवं काही वाटू नये.

मजा अशी की ज्याला अडवायचं तो या परीक्षेत आता पहिल्या नंबराने पास होतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइनमधल्या संशोधकांनी २०२३ मध्ये ताळा केला. बॉट ही कोडी माणसांपेक्षा लवकर सोडवतात आणि जास्त बरोबर सोडवतात. पुढच्या वर्षी झुरिचच्या ईटीएचमधल्या मंडळींनी रीकॅप्चाची चित्रं यंत्रापुढे टाकली, तर शंभर टक्के सुटली. जुलै २०२५ मध्ये चॅटजीपीटीच्या ‘एजंट’ने ‘तुम्ही माणूस आहात याची खात्री करा’ हा चौकोन स्वतः टिचकवला, आणि तो टिचकवताना आपण बॉट नाही हे सिद्ध करण्यासाठी ही पायरी गरजेची आहे, असं प्रांजळपणे लिहूनही दाखवलं. नाना अजून बाहेर आहेत.

आता बॉट आजीव सभासदांची यादी वाचतो तोवर ठीक. तत्काळच्या रांगेत उभा राहतो तेव्हा मराठी माणसाच्या मुळावर येतो. रेल्वे मंत्रालयाने जून २०२५ मध्ये जाहीर केलं की तत्काळ आरक्षण उघडल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनच्या प्रयत्नांपैकी ५० टक्क्यांपर्यंत बॉटांचे असत, आणि संशय आल्यावरून अडीच कोटी खाती बंद केली. २०११ च्या जनगणनेतली बृहन्मुंबई सव्वा कोटीच्या आतबाहेर. म्हणजे दोन मुंबया सकाळी दहाच्या ठोक्याला आपल्या पुढे उभ्या होत्या, आणि आपण समजत होतो की नेट स्लो आहे.

गणपतीच्या गाड्यांना चाकरमान्यांच्या घरात काय युद्धस्थिती असते ते परळ-लालबागेत जाऊन बघावं. आरक्षण ६० दिवस आधी सकाळी आठला उघडतं. साडेसातपासून तीन फोन चार्जरला, मुलगा लॅपटॉपवर, सून ऑफिसातून, आणि आई देवासमोर. कोकणकन्या, तुतारी, मांडवी, कोणती लागेल ती. प्रवाशांची नावं आधीच कागदावर वयासकट काढलेली, कारण मागच्या वर्षी आजोबांचं वय आठवण्यात सगळं गेलं. आठ वाजतात, गोल फिरतं, फिरतं, आणि थांबतं तेव्हा प्रतीक्षायादीचा आकडा ट्रकच्या नंबरासारखा दिसतो. मग आई देवासमोरून उठते आणि गावच्या पाहुण्याला फोन लावते, ज्याच्या ओळखीचा एक जण ‘करून देतो’. या ‘करून देतो’च्या पोटात बॉट असू शकतो हे तिला ठाऊक नसतं, आणि ठाऊक असतं तरी तिने त्याला मोदक पाठवले असते. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधारची पडताळणी लागते, नंतर ओटीपीही आला. फोनवर ओटीपी उतरेपर्यंत कणकवली भरलेली असते, असं डोंबिवलीच्या डब्यात म्हणतात. तो डबा कुठल्याच सरकारला कधी चांगलं म्हणत नाही, हेही खरं.

बॉटांवर चिडणारी माणसं एक गोष्ट सांगत नाहीत. आपल्याला ते हवे असतात. इलॉन मस्कने २०२२ मध्ये ट्विटर घ्यायचं कबूल केलं, मग यात बॉट फार म्हणून मागे फिरला. ट्विटर म्हणालं, बनावट खाती पाच टक्क्यांच्या आत. प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी ऑक्टोबरात ४४ अब्ज डॉलर मोजून त्याने बॉटांसकट सगळं घेतलं. आमच्या प्रभागातल्या भावी नगरसेवकाने तेच काम बरंच स्वस्तात केलं. त्याचे अनुयायी एका आठवड्यात पाचपट झाले, तेव्हा आम्ही समजलो की पाण्याची लाइन येणार. मग त्याचे वडील गेले. त्याने हार घातलेला फोटो टाकला, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं. खाली पहिली प्रतिक्रिया एका सोनेरी केसांच्या बाईंची, नावापुढे आठ आकडे: ‘नाइस पिक डिअर’. त्याने हात जोडल्याचं चिन्ह टाकून लिहिलं, ‘धन्यवाद ताई’. त्यावर ताईंनी गुंतवणुकीची लिंक पाठवली.

बॉटांना थोपवायचे नवे उपाय निघतायत, आणि मला त्यातला एक फार आवडला. क्लाउडफ्लेअर या कंपनीने मार्च २०२५ मध्ये एक भुलभुलैया काढला. आगंतुक बॉटाला हाकलायचं नाही, उलट आत घ्यायचं आणि यंत्राने लिहिलेल्या पानांत सोडून द्यायचं. एका पानावरून दुसरं, दुसऱ्यावरून तिसरं, मजकूर सुसंगत, माहितीही चुकीची नाही, फक्त त्याचा कशाशी काही संबंध नाही. यंत्राने लिहायचं, यंत्राने वाचायचं, माणसाला तोशीस नाही. आमच्या व्याख्यानमालेतल्या काही परिसंवादांना ही सोय वीस वर्षांपूर्वी मिळायला हवी होती.

पण यंत्राची पारख किती पक्की, ते माझ्या आतोबांच्या प्रकरणात दिसलं. आतोबा निवृत्त मुख्याध्यापक. गेली कित्येक वर्षं पहाटे बरोबर साडेपाचला उठतात आणि एका मेसेजिंग अ‍ॅपवर सगळ्या गटांना सुप्रभात पाठवतात. मागे उगवता सूर्य, पुढे वाफाळता कप, मधे सुविचार. साडेपाचला सुरू करतात, पाच पस्तीसला शेवटचा गट. कुणी उत्तर दिलं न दिलं, घरात लग्न असो की मयत, खंड नाही. एका सकाळी त्यांचं खातं बंद झालेलं दिसलं. कारण दिलं होतं: स्वयंचलित वर्तनाचा संशय.

“स्वयंचलित म्हणजे काय रे?” त्यांनी मला विचारलं.

“तुम्ही यंत्र आहात असं त्यांना वाटलं.”

मला वाटलं होतं, दुखावतील. ते खुर्चीत मागे रेलले. “एवढी नियमितता,” आत्याकडे बघून ते म्हणाले, “तुझ्या भावांपैकी एकात तरी होती का?”

तरीही अर्ज करायचा म्हणून त्यांनी केलाच. ‘महोदय’पासून ‘कळावे, आपला विश्वासू’पर्यंत दीड पान, सोबत शाळेचा निवृत्तीचा दाखला. तीन सेकंदांत उत्तर आलं: आपल्या भावना आम्ही समजू शकतो, आपलं म्हणणं आमच्यासाठी महत्त्वाचं आहे. आतोबांना भरून आलं. इतक्या तत्परतेने त्यांना शिक्षण खात्याने आयुष्यात कधी उत्तर दिलं नव्हतं. लगेच त्यांनी आभाराचं पत्र धाडलं, त्यावर पुन्हा तीन सेकंदांत, त्याच भावना, तेच महत्त्व. हा पत्रव्यवहार दुपारच्या जेवणापर्यंत चालला.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आत्याच्या नंबरावरून सूर्य आला.